मोराला मागून पाहिलंय का कधी?

रानभूल | १२ जून, सकाळी ८.१०

घरामागच्या माळावर एक मोर रोज येतो. गेल्या आठवड्यात तो पिसारा उभारून उभा होता आणि मी नेमका त्याच्या पाठीमागे होतो. समोरून बघणाऱ्याला जे दिसत असेल ते असो, मला दिसल्या त्या पांढरट काड्याच काड्या, जुन्या छत्रीच्या आतल्या बाजूसारख्या. त्यांच्या बुडाशी काळपट मऊ पिसांचा गोळा. आणि त्या काड्यांना मागून टेका देऊन उभा असलेला एक आखूड, मळकट तपकिरी पंखा. दोन्ही अंगांना विटकरी पंख खाली सोडलेले, सारखे थरथरणारे. वाऱ्याची झुळूक आली की अख्खी छत्री एका बाजूला कलायची आणि गडी दोन पावलं तिरका सरकून तोल सावरायचा.

इतकी वर्षं मोर बघतोय, तो आखूड पंखा पहिल्यांदाच नजरेस पडला. मग थोडी वाचावाची केली. मोराची शेपटी म्हणायची ती हीच! वीस पिसांची, साधी, आखूड. आपण ज्याला शेपूट समजतो तो पिसारा मुळात शेपटीवर झाकण घालणाऱ्या पिसांचा. सगळ्या पक्ष्यांना शेपटीच्या मुळाशी अशी छोटी आच्छादक पिसं असतात. मोराच्या बाबतीत ती वाढत वाढत चार-पाच फुटांवर गेली आणि खरी शेपटी बिचारी टेकू लावायच्या कामाला राहिली.

म्हटलं धागा काढावा. मोर आपण सगळे समोरूनच पाहतो, तेही बहुतेक चित्रात. कुणी मागून, बाजूने, झाडावर, पळताना, भांडताना पाहिला असेल तर लिहा.

भुईचक्र | १२ जून, सकाळी ९.०२

पाहिलाय आणि खो खो हसलोय. घागऱ्याची पुढची बाजू जरीची आणि मागे अस्तर. :)

वाचनखूण साठवली आहे.

पाणवठा | १२ जून, दुपारी १.३५

रानभूल, धागा आवडला. पण एक दुरुस्ती. लांडोरीला तो समोरूनच दिसतो असं समजू नका. पुष्कळदा तो आधी तिच्याकडे पाठच करतो! ती जवळ आली की तुम्ही पाहिलेली ती अस्तराची बाजू तिच्याकडे, आणि ते विटकरी पंख जोरजोरात थरथरत असतात. ती पुढे आली की झटकन वळतो आणि मग समोरचा सगळा दरबार उघडतो. मी हे बायनॉक्युलरमधून कितीतरी वेळा पाहिलंय. पहिल्यांदा वाटलं की मोर वेंधळा आहे, दिशा चुकला.

वळल्यावर तो उगाच कुठेही तोंड करत नाही, हेही बघा. कॅनडातल्या दोन संशोधकांनी २००९ मध्ये याच गोष्टीवर निबंध लिहिला. समोरचा पिसारा झुलवताना मोर सूर्य साधारण ४५ अंशांच्या कोनात पुढे येईल असा उभा राहतो. छायाचित्रकाराला लाजवेल अशी उजेडाची जाण. ढगाळ दिवशी काय करतो हे मी बघत बसलो होतो, पण त्या दिवशी लांडोरच आली नाही.

तिरका_कोन | १२ जून, रात्री ९.४८

उजेडाचा विषय निघालाच आहे तर माझं आवडतं खूळ सांगतो. घरात मोरपीस असेल तर ते डोळ्यासमोर धरून खिडकीकडे बघा, म्हणजे उजेड पिसाच्या पलीकडून येऊ द्या. निळा-हिरवा सगळा गायब. उरतो तपकिरी.

मोराच्या अंगात निळा रंग नाहीच. आहे ते मेलॅनिन, आपल्या केसांत असतं तेच काळपट द्रव्य. पिसाच्या दांड्याला तंतू फुटतात, त्या तंतूंना आणखी बारीक उपतंतू. त्या उपतंतूंच्या आत मेलॅनिनच्या काड्या जाळीसारख्या ओळीने रचलेल्या असतात, मध्ये हवा. या जाळीतल्या अंतरावर कुठला रंग परत फेकला जाणार ते ठरतं. २००३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी ही अंतरं मोजली: निळ्याला साधारण १४० नॅनोमीटर, हिरव्याला १५०, पिवळ्याला १६५. म्हणजे निळ्याचा हिरवा व्हायला फक्त १० नॅनोमीटरचा फरक. एका मिलिमीटरचे एक लाख भाग करा, त्यातला एक घ्या. एवढ्यावर ते मधलं हृदयाच्या आकाराचं जांभळट निळं, त्याभोवतीचं पिरोजी आणि बाहेरची सोनेरी-काशाच्या रंगाची कडी एकमेकांपासून वेगळी राहतात.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली मोरपीस पाहून लिहून ठेवलं होतं की पाण्याने भिजवलं की रंग जातात, म्हणजे ते रंगद्रव्याचे नसावेत. घरी करून बघा. नुसतं बुडवून भागत नाही, पीस पाणी झटकतं. बोटांनी दाबून दाबून भिजवावं लागतं. रंग मंदावतो, काही ठिकाणी मातकट होतो. वाळलं की पुन्हा जसाच्या तसा.

मला नेहमी गंमत वाटते ती मोरचुदाची. मोराच्या रंगावरून नाव पडलं, पण मोरचूद खरोखर निळं आहे, कितीही कुटा. मोरपीस कुटलंत तर हातात तपकिरी भुकटी येईल.

सावलीतली_आजी | १३ जून, सकाळी ६.२०

तिरका_कोन, तुमचं ऐकून नातवाने काल पुस्तकातलं माझं पन्नास वर्षांपूर्वीचं मोरपीस भिजवलं. त्याला पिल्लं होतील म्हणून जपलं होतं हो मी. :)

रंग मात्र खरंच परत आला. आणि पन्नास वर्षांत रतीभर उतरला नव्हता, हे तुमच्या लिहिण्यानंतर कळलं.

तिरका_कोन | १३ जून, सकाळी ७.०५

आजी, दंडवत. नातवाच्या वतीने मीच माफी मागतो. रंगद्रव्य असतं तर उन्हाने विटलं असतं. इथे विटायला काही नाही, रचना मोडत नाही तोवर रंग शाबूत.

अर्ध्यावरचा_डाव | १३ जून, दुपारी १२.१५

या सगळ्या विज्ञानात मूळ प्रश्न राहिला. मोर ब्रह्मचारी असतो आणि लांडोर त्याचे अश्रू पिऊन अंडी घालते हे खरं ना? २०१७ मध्ये एका न्यायमूर्तींनीही वार्ताहरांसमोर हेच सांगितलं होतं.

भुईचक्र | १३ जून, दुपारी १२.१९

आला! मी वाटच बघत होतो की हा प्रतिसाद कितवा येतो.

पाणवठा | १३ जून, दुपारी २.४०

खरं नाही. मोराचं मीलन कोंबड्यासारखंच होतं. नाचून झालं की मोर एक मोठी हाळी देऊन धावत येतो, लांडोरीच्या पाठीवर चढतो, पिसारा खाली आणि पुढे झुकतो, आणि काही सेकंदांत सगळं आटोपतं. समज टिकलाय तो यामुळेच. नाच तासन्तास चालतो आणि सगळ्यांना दिसतो. पुढचं डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं आणि तेही पिसाऱ्याआड.

त्या हाळीची एक चावट गोष्ट आहे. काही मोर आसपास लांडोर नसतानाही ती हाळी देतात. २०१४ चा अभ्यास आहे याच्यावर. लांबच्या लांडोरींना वाटतं तिथे कुणीतरी पसंत केला गेला, आणि त्या बघायला येतात. ब्रह्मचारी राहिला बाजूला, हा तर बढाईखोर निघाला.

अर्ध्यावरचा_डाव | १३ जून, दुपारी ३.०२

:D :D पराभव मान्य. पण आमच्या पंतोजींनी वर्गात सांगितलं होतं हो.

कोरडवाहू | १४ जून, रात्री १०.३०

सगळे शहरातले दिसता. रानात रोज सकाळी पंधरा-वीस मोरांचा कळप उतरतो तेव्हा रंग-बिंग काही दिसत नाही. पेरलं की उकरून दाणे खातात, कोंब वर आले की कोंब खुडतात. शेंगा भरल्या की शेंगा. साप खातो म्हणून शेतकऱ्याचा मित्र, हे फक्त पुस्तकात. खातो साप, नाही म्हणत नाही. सरडे, उंदराची पिल्लं, गोगलगायी, वाळवी, टोळ, सगळं खातो. पण दाणे आधी खातो.

आणि हात लावायची सोय नाही. १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत. डबे वाजवायचे, बस्स. दोन दिवसांत त्याला डब्याचीही सवय होते.

रानभूल | १५ जून, सकाळी ८.००

कोरडवाहू, बरं झालं लिहिलंत. मोर वाढतायत हे खरं आहे. २०२० चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला त्यात बहुतेक पक्ष्यांची घसरण आणि मोराची मात्र वाढ अशी नोंद आहे. केरळात पूर्वी मोर जवळपास नव्हताच, आता सर्रास दिसतो. त्याला दाट ओलं जंगल नको असतं. मोकळा माळ, झुडपं, जवळपास पाणी, रात्रीला उंच झाड आणि शेजारी पीक, एवढं मिळालं की झालं. म्हणजे आपण जंगल तोडून जे करतो ते त्याच्या पथ्यावर पडतं. तुमच्या नुकसानीवर हे काही औषध नाही, हे मलाही कळतं.

कोरडवाहू | १५ जून, रात्री ९.१५

औषध नकोच. मागून बघा म्हणालात म्हणून सांगतो. पळणारा मोर मागून बघा. उडायच्या आधी तो पळतोच. मान खाली, पिसारा जमिनीला समांतर, आणि झुडपात असा शिरतो की पाच फुटांचं लांबलचक शेपूट कुठे अडकलं नाही याचं नवल वाटतं. कुत्रं अगदी अंगावर आलं तरच फडफड करत सरळ वर उठतो. तेव्हा त्याच्या पंखांतला तो विटकरी रंग उघडा पडतो, नाचताना सोडलं तर एरवी दिसत नाही.

पाणवठा | १५ जून, रात्री ११.२०

कोरडवाहूकाका, अगदी हेच लोकांनी मोजून पाहिलंय. मोराला पिसारा म्हणजे जिवावरचं ओझं आणि ते वागवूनही जगतो म्हणून तो तगडा, ही कल्पना प्रसिद्ध आहे. झहावी नावाच्या इस्रायली शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये असं अडथळ्याचं तत्त्व मांडलं. पण २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये मोरांचं उड्डाण पिसाऱ्यासकट आणि पिसारा कापून चित्रित केलं, तर उठण्याच्या ताकदीत फारसा फरक पडला नाही. २०१६ मध्ये धावण्याचं मोजलं, तिथेही तेच. ओझं आहे, पण आपण समजतो तेवढं नाही.

निरुत्तर | १६ जून, सकाळी १०.४५

मग ओझं नाही आणि सापापासून वाचवत नाही, तर पिसारा कशासाठी? "लांडोरीला आवडतो म्हणून" हे उत्तर मला पहिल्यापासून पटलेलं नाही. लांडोर बसून पिसाऱ्यावरचे डोळे मोजते काय?

पाणवठा | १६ जून, दुपारी ४.१०

निरुत्तर, तुमच्या पंगतीला डार्विन आहे. १८६० मध्ये त्याने आसा ग्रे या मित्राला पत्रात लिहिलं होतं की मोराचं पीस पाहिलं की मला कसंसंच होतं. जगायला उपयोग नसलेली एवढी नक्षी त्याच्या सिद्धांतात बसत नव्हती. १८७१ च्या पुस्तकात त्याने मादीच्या निवडीचं उत्तर दिलं, पण पुरावा यायला आणखी शंभरेक वर्षं लागली.

इंग्लंडमधल्या एका मोकळ्या प्राणी उद्यानात मॅरियन पेट्री या संशोधिकेने मोकाट मोर बघितले. १९९१ मध्ये त्यांनी मांडलं की ज्याच्या पिसाऱ्यात डोळे जास्त त्याला लांडोरी जास्त. मग त्यांनी काही मोरांच्या पिसाऱ्यातले वीसेक डोळे कात्रीने कापले, तर त्या मोरांचं पुढच्या वर्षी गिऱ्हाईक घटलं. झालं, पाठ्यपुस्तकात धडा पक्का.

आणि मग २००८ मध्ये जपानमधून निबंध आला. तिथे सात वर्षं एक कळप पाहिला आणि पिसाऱ्याची लांबी, डोळ्यांची संख्या यांचा निवडीशी काही संबंध दिसला नाही.

निरुत्तर | १६ जून, दुपारी ४.३३

बघा! म्हणजे धडा चुकीचा.

पाणवठा | १६ जून, रात्री ८.५५

घाई नको. २०११ मध्ये कॅनडावाल्यांनी दोन्ही गोष्टी जुळवल्या. बहुतेक धडधाकट मोरांच्या डोळ्यांच्या संख्येत फरकच थोडा असतो, दीडशेच्या आसपास आणि पुढे. त्या थोड्या फरकावर लांडोर काही ठरवत नाही. पण डोळे बरेच कमी झाले, तुटले, कापले, तर तो बाद. म्हणजे ती मोजत नाही, पण दात पडलेला कंगवा ओळखते.

आणि तिची नजर कुठे असते हेही पाहिलंय! २०१३ मध्ये लांडोरींच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बसवून. ती बहुतेक वेळ पिसाऱ्याच्या खालच्या भागावर, तेही आडवी इकडून तिकडे नजर फिरवते. वर उंच कमान असते तिकडे फार बघतच नाही. शिवाय नाच चालू असताना ती बराच वेळ भलतीकडेच बघत असते.

भुईचक्र | १६ जून, रात्री ९.०१

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

घुंगुरवाळा | १७ जून, सकाळी ७.३०

डोळ्यांचं चाललंय म्हणून कानांचं सांगते. मोर जवळून नाचताना ऐकलाय का कुणी? मी सात-आठ हातांवरून ऐकलाय. आधी नुसती उभी कमान. लांडोर जवळ आली आणि अचानक सळसळ सुरू झाली, वाळल्या पाचोळ्यावर टपोरा पाऊस पडावा तशी. मोर जागचा हलत नव्हता. पिसाऱ्याच्या काड्या मात्र दिसेनाशा झाल्या, इतक्या वेगाने थरथरत होत्या. आणि त्या धुक्यात ते सगळे डोळे स्थिर! टांगल्यासारखे. मला वाटलं माझ्याच नजरेचा दोष.

पाणवठा, असं का होतं?

तिरका_कोन | १७ जून, सकाळी ९.१२

घुंगुरवाळाताई, नजर शाबूत आहे तुमची. मोर पिसं सेकंदाला साधारण २५ वेळा हलवतो. पिसाचे बाकीचे तंतू सुटे असतात, ते झुलतात. डोळ्याच्या भागातले तंतू मात्र एकमेकांत बारीक आकड्यांनी अडकलेले, म्हणून तो तुकडा घट्ट राहतो आणि जवळजवळ हलत नाही. २०१६ मध्ये हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलं गेलं.

याच्या पुढची गोष्ट तर अफाट आहे. लांडोरीच्या डोक्यावरचा तुरा आठवा: बारीक उघड्या काड्या आणि टोकाला छोटी चपटी पिसं. २०१८ मध्ये त्या तुऱ्याची कंपनं मोजली, आणि तो नेमका मोराच्या सळसळीच्या वेगालाच सर्वांत जास्त थरथरतो असं दिसलं. म्हणजे मोर तिला दिसतो, ऐकू येतो, आणि बहुधा डोक्यावर जाणवतोही.

सावलीतली_आजी | १७ जून, सकाळी ११.००

मी म्हणते या सगळ्या धाग्यात लांडोरीविषयी कुणी बोलणार आहे की नाही? ती आली की फक्त बघायला.

आमच्या परसात कुंपणाच्या कडेला लांडोर बसली होती. घरटं कसलं, चार पाचोळे सारून केलेला खळगा. पाच अंडी, फिकट बदामी. ती बसली की दिसायचीच नाही. मी रोज तिथून पाणी घालत जायचे, चौथ्या दिवशी तिच्या डोळ्याला डोळा भिडला तेव्हा समजलं. पाठ मातीची, मानेला तेवढी हिरवी झाक, पोट पांढरट, डोक्यावर विटकरी तुरा. त्या हिरव्या मानेनेच ती सापडली, नाहीतर पाय पडला असता.

अठ्ठावीस दिवस बसली. दिवसातून एकदा उठून जायची, खाऊन पाणी पिऊन धुळीत लोळायची, अंग झटकून परत. मोर एकदाही फिरकला नाही. पिल्लं निघाली आणि त्याच दिवशी तिच्या मागे चालायला लागली. ती चोचीने दाणा दाखवायची, स्वतः खायची नाही, पिल्लू टिपेपर्यंत थांबायची. आणि ऐका, बोटाएवढ्या शेपटीचं पिल्लू दुसऱ्या पिल्लासमोर शेपटी उभारून गोल गोल फिरत होतं. नाच पिसाऱ्याआधी येतो हो.

पाचांतली दोन राहिली. बाकीची मांजरांनी नेली.

रानभूल | १७ जून, दुपारी १.२०

आजी, हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

भुईचक्र | १७ जून, दुपारी १.४४

+१००

वाटसरू_जुना | १८ जून, सकाळी १०.१०

आजींच्या पिल्लांवरून विचारतो. नर कोण, मादी कोण हे लहानपणी कसं ओळखायचं? मला दोन्ही सारखीच वाटतात.

पाणवठा | १८ जून, दुपारी १२.३०

पहिल्या वर्षी सारखीच दिसतात. पंखाची टोकाची मोठी पिसं बघा, उडताना दिसतात. विटकरी असतील तर नर. दुसऱ्या वर्षी मान निळी होऊ लागते, पिसारा आखूड असतो आणि डोळे नीट नसतात. पूर्ण पिसारा चौथ्या वर्षाच्या सुमारास.

पिसाऱ्यात सगळीच पिसं डोळ्यांची नसतात, हेही सांगून ठेवतो. काठावरच्या सर्वांत लांब पिसांना डोळा नसतो, टोक माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं असतं. कमानीची ती झालर त्यांचीच. आणि अंगालगतची बाजूची पिसं कोयत्यासारखी वाकडी.

मध्यरात्र | १९ जून, रात्री २.५५

आता वेळ बघा. मी जागा आहे कारण बाहेर मोर ओरडतोय. केकारव म्हणे! ज्याने हा शब्द काढला तो मोरापासून चार कोस लांब झोपत असणार. मांजराचं शेपूट दारात सापडल्यासारखं म्याँऽऽव, म्याँऽऽव, आणि एकाने सुरू केलं की पलीकडच्या झाडावरून दुसरा.

कोरडवाहू | १९ जून, सकाळी ५.४०

मध्यरात्र, नीट ऐका. म्याँव असेल तर नुसती हजेरी. का-आन्, का-आन् किंवा भराभर कॉक-कॉक-कॉक झालं तर खाली काहीतरी फिरतंय. झोपायला उंच झाडावर चढतात ते त्यासाठीच. बिबट्या आला की माकड आणि मोर, दोघांपैकी एकजण आधी सांगतो. मी मोराच्या भरवशावर बॅटरी घेऊन बाहेर पडायचं की नाही ते ठरवतो.

वाटसरू_जुना | १९ जून, सकाळी ९.२५

अवांतर: शेपटीवरून धागा सुरू झाला म्हणून एक किस्सा. चॅपिन नावाचा अमेरिकन पक्षीतज्ज्ञ १९१३ मध्ये काँगोच्या जंगलात होता. तिथल्या एका माणसाच्या शिरपेचात त्याला एक पट्ट्यापट्ट्यांचं पीस दिसलं, ओळखीच्या कुठल्याच पक्ष्याचं नव्हतं. त्याने ते जपून ठेवलं. तेवीस वर्षांनी, १९३६ मध्ये, तो बेल्जियममधल्या टेर्वुरेनच्या संग्रहालयात दुसऱ्याच कामासाठी गेला असताना तिथे एका कपाटावर धूळ खात पडलेले दोन पेंढा भरलेले पक्षी दिसले. चिठ्ठी होती: भारतीय मोर, लहान वयाचे. चॅपिनने पंख बघितला. तेच पीस!

अशी काँगो मोराची जात जगासमोर आली. आशियाबाहेरचा एकमेव मोर. त्याला लांब पिसारा नाही, तो नाचतो तेव्हा उघडतो ती खरीखुरी शेपटी. जोडीने राहतो आणि पिल्लं सांभाळायला नरही असतो. आजींना हा आवडेल.

सावलीतली_आजी | १९ जून, सकाळी १०.०२

आवडला. पिसारा नाही तर घरकामाला लागला, सरळ हिशेब आहे.

पाणवठा | १९ जून, दुपारी ३.१५

आजी :) पण हिरव्या मोराने तुमचा हिशेब बिघडवला असता. तो म्यानमारपासून जावापर्यंतचा, तुरा उंच आणि अरुंद. त्याच्यात लांडोरही जवळजवळ तेवढीच झळाळती, फक्त लांब पिसारा नाही. आपला मोर वाढतोय आणि तो मात्र धोक्यात आलेल्या जातींत गेलाय.

निरुत्तर | २० जून, सकाळी ११.११

आणि पांढरा मोर? ती वेगळी जात ना?

तिरका_कोन | २० जून, सकाळी ११.५०

नाही. आपलाच निळा मोर, पिसांत मेलॅनिन नाही एवढंच. काड्या नाहीत तर रंग परत फेकणार कोण. त्याचे डोळे गुलाबी नसतात, म्हणून तो वर्णहीन म्हणजे अल्बिनो नव्हे. नीट उजेडात बघितलं तर पांढऱ्या पिसाऱ्यावरही डोळ्यांच्या जागा पुसटशा कळतात.

रानभूल | २१ सप्टेंबर, सायंकाळी ६.४०

धागा वर काढतोय. ऑगस्टपासून माळावर पिसं सापडायला लागली. आधी एक-दोन, मग रोज चार-पाच. दरवर्षी पावसाळा सरताना अख्खा पिसारा झडतो आणि फेब्रुवारीपर्यंत पुन्हा नवा येतो, हे माहीत होतं. तरी गोळा करताना चुकल्याचुकल्यासारखं वाटलंच. गळलेल्या पिसाचं बूड बघितलं: कोरडं, पांढरं, निमुळतं, बोरूच्या मागच्या टोकासारखं. उपटलेल्या पिसाच्या बुडाशी रक्ताचा डाग राहतो, यावरूनच तपासणारे ओळखतात. एक पीस आजींच्या नातवासाठी बाजूला ठेवलंय, भिजवायला.

आज संध्याकाळी तोच मोर आला. एकही लांब पीस उरलेलं नाही. मान तशीच निळी, डोळ्याखालची पांढरी चंद्रकोर तशीच, पाठीवर खवल्यांसारखी हिरवी-सोनेरी पिसं, आणि मागे एकदम कापल्यासारखं संपलेलं. लांडोरीपेक्षा फार मोठा वाटत नव्हता. दोन लांडोरी दाणे टिपत होत्या. त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग पंख खाली सोडले, थरथरवले, आणि ती आखूड तपकिरी शेपटी उभी केली. वीस पिसं. मी मोजली, एकोणीस भरली. गोल फिरला, पाठ केली, वळला. एकदा पुन्हा.

लांडोरींनी मान वर केली नाही. आता अंधार पडला, तो चिंचेवर जाऊन बसला आणि म्याँव सुरू झालंय. मध्यरात्र, तुमच्याकडचं काय?

मध्यरात्र | २२ सप्टेंबर, रात्री १.३०

चालू आहे. इथूनही ऐकू येतोय असं धरा.